गर्भाशय काढण्याआधी कारण शोधा
(रायपूर येथील महिला कामगारांपुढील भाषण)

याच रायपूर परिसरात विमा योजनेच्या पैशासाठी गरीब बायकांची गर्भाशये विनाकारण काढल्याच्या तक्रारी २०१२ साली गाजल्या; काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. आपल्या बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथे खाडा पडला की दंड!

अंगावरून जास्त जाणे हे लक्षण आहे, मूळ दुखणे वेगळेच असते. गर्भाशयातली गाठ, थायरॉईड, तांबी, रक्त नीट न गोठणे, क्वचित कॅन्सर. पाळी सात दिवसांपुढे गेली, तासातासाला घडी बदलावी लागली, तर आधी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून घ्या. पुष्कळ जणींना गोळ्यांनीच आराम पडतो. या तपासण्यांसाठी भरपगारी रजा आम्ही मागणीपत्रात घातली आहे.