“काही नाही, घरीच असते” असं सांगू नका!

आज बोलायचंय जनगणनेबद्दल. २०११नंतर जनगणना झालेली नाही. आता २०२७च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी आहे. त्याआधी आपण जरा मागं जाऊन बघू.

१८८१ साली इंग्रजी मुलखाबरोबर आपल्या निजामाच्या राज्यातही खानेसुमारी झाली. औरंगाबाद जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. गावोगावी सुतार, लोहार, कुंभार मोजले गेले. पण घराघराचे कागद जपले गेले नाहीत. उरले ते फक्त आकडे: कोणत्या धंद्यात किती माणसं. त्यामुळे आपल्या पणजीचं नाव त्यात शोधायला गेलो तर सापडत नाही.

त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडमध्येही मोजणी झाली. तिथले घरोघरचे कागद आजही वाचता येतात. खेड्यातल्या सुताराचं नाव, वय, गाव, हाताखाली किती माणसं, घरात राहणारा शिकाऊ पोरगा, सगळं लिहिलेलं आहे. बायकोच्या धंद्याच्या रकान्यात मात्र पुष्कळदा काहीच नाही, नाहीतर नुसतं ‘सुताराची बायको’. त्या शिकाऊ पोराला जेवू घालणारी तीच असणार. पण त्या कष्टाला रकाना नव्हता.

म्हणजे कागद राहिला तरी बाई त्यात दिसतेच असं नाही. आपल्याकडे बघा. लोहाराच्या घरी भाता कोण ओढतं? घण कोण मारतं? कुंभाराच्या घरी माती चाळणं, लीद मिसळणं, मडकी बाजारात नेणं कोण करतं? पैठणला मागावर पैठणी विणली जाते, तिथं रेशीम उकलून कांड्या कोण भरतं? आणि आमच्या गटाच्या बैठकीत “तू काय करतेस?” असं विचारलं, की पहिलं उत्तर येतं, “काही नाही, घरीच असते.”

१९९१च्या जनगणनेपासून कामाच्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही स्पष्टपणे धरलं गेलं. २०११ला वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेली ‘मुख्य काम करणारी’ आणि त्याहून कमी केलेली ‘सीमांतिक’ अशी नोंद झाली. घरगुती उद्योगाचा वेगळा गट होता. फक्त स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं सांभाळणं हे मात्र त्यात काम धरलं गेलं नाही. ते बरोबर की चूक, यावर आपण भांडूच. पण जे धरलं जातं, तेसुद्धा आपण सांगत नाही, हे बरं नाही.

काही जणी विचारतात, “कामाला जाते म्हटलं तर रेशन बंद होईल का?” बायांनो, १९४८च्या जनगणना कायद्यानुसार आपण दिलेली माहिती गुप्त ठेवली जाते. एकेकीचं नाव बाहेर येत नाही, येतात ते फक्त गावाचे, तालुक्याचे आकडे. त्याच आकड्यांवरून योजना आखल्या जातात. काम करणाऱ्या बाया कागदावरच नसतील, तर त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि कर्ज कोण मागणार?

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं वर्षभरात काय काय केलं आणि किती महिने केलं, ते बोटांवर मोजा: निंदणी, कापूस वेचणी, शिवण, पापड, म्हशीचं दूध, नवऱ्याच्या दुकानातली मदत. प्रगणक घरी येतील तेव्हा स्वतः पुढं येऊन सांगा. सासूबाईंचं आणि सुनेचंही सांगा. घरधनी “ती घरीच असते” म्हणाले, तर हसत हसत पण तिथल्या तिथं दुरुस्त करा.