विळ्यावरचे तांबे

श्रोतेहो, द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणाची ओळख करून द्यायला नको. फ्रान्समधील बोर्डो भागात मिलार्दे या शास्त्रज्ञाने केवड्यावरचा हा उपाय १८८५ साली प्रसिद्ध केला. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, आणि जोडीला चुना. चुना कमी पडला की विरघळलेले तांबे मोकळे राहते आणि कोवळी पाने करपतात. म्हणून जाणता शेतकरी फवारणीपूर्वी घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुन्याची निवळी घालतो.

हा थर म्हणजे गंज नव्हे बरे का! ते तांबेच आहे. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि पाण्यात उतरतो. तांब्याचा आयन तेच दोन घेतो आणि पात्यावर बसतो. देणे म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणे म्हणजे क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसरा घेणार कुठून? म्हणून ही जोडी कधी फुटत नाही.

याच कारणाने मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नये. एक किलो मोरचुदात सुमारे २५४ ग्रॅम तांबे असते. ते सारे बादलीवर बसले, तर बादलीचे सुमारे २२४ ग्रॅम लोखंड खर्ची पडेल आणि औषधात तांबे उरणार नाही. मातीचे, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी थोडेसे. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम घ्या. त्याचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो. मुलगा फळ्यावर लिहील : एक ॲल्युमिनियम आणि एक तांब्याचा आयन मिळून एक ॲल्युमिनियमचा आयन आणि एक तांबे. म्हणेल, “गुरुजी, अणू जुळले!” जुळले खरे, पण विद्युत्भार पाहा. डावीकडे अधिक दोन, उजवीकडे अधिक तीन. म्हणजे एक इलेक्ट्रॉन कोणाच्याच खात्यावर नाही. असा जमाखर्च गावचा वाणीसुद्धा मान्य करणार नाही!

मग करायचे काय? देणारा तीन देतो, घेणारा दोन घेतो. तीन आणि दोन यांचा लसावि सहा. ॲल्युमिनियमचे दोन अणू मिळून सहा देतील, तांब्याचे तीन आयन मिळून सहा घेतील. दोनास तीन, हेच उत्तर. ताळा करा : डावीकडे तीन दुणे सहा, उजवीकडे दोन त्रिक सहा.

वर्गात हा प्रयोग जरूर करा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट थर असतो, म्हणून मोरचुदाच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका. मोरचूद विषारी आहे. हात धुवायला विसरू नका. आणि मुलांना एवढेच सांगा : आधी अणू मोजा, मग भार मोजा, दोन्ही जुळले, तरच समीकरण पुरे झाले.