विष सोसणारे जंतू



आपण लेण्याद्रीच्या पायथ्याशी जमलो आहोत. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात कासे घडवणाऱ्या कारागिरांच्या संघाचे नाव येते. म्हणजे निदान दोन हजार वर्षांपासून आपल्या मुलखाला तांबे-कासे ठाऊक आहे. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवावे, असे आपल्या आज्या सांगत. त्यात तथ्य आहे. तांब्याने पुष्कळ जंतू मरतात. पुष्कळ मरतात, पण सगळे नाही, बरं का!

हे उरलेले जंतू कसे जगतात, ते पाहू.

तांबे, शिसे, पारा, कॅडमियम हे जड धातू. ते फाजील झाले की जिवाला विषच. पण काही जंतूंच्या अंगात जणू विहिरीवरचा पंप असतो. आत शिरलेला धातू तो बाहेर फेकतो. काही जंतू धातूला आतल्या आत बांधून ठेवतात. शिवाय हा गुण एक जंतू शेजारच्या जंतूला देऊही शकतो.

आता आपल्या द्राक्षबागांकडे वळू. आपण मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचुदात तांबेच असते. त्याने बुरशी आटोक्यात राहते, हे खरे. पण तांबे कुजत नाही. दरसाल ते मातीत साठत जाते. समजा, लाख जंतूंत दहा चिवट निघाले. बाकीचे मरतात आणि पुढे त्या दहांचीच पिलावळ वाढते. अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतात मिरचीवर ठिपके पाडणारे जंतू असेच तांब्याच्या फवाऱ्याला दाद देईनासे झाले. १९८३ साली तेथील शास्त्रज्ञांनी तसे दाखवून दिले. मग जास्त मोरचूद मारून काय उपयोग? पैसा जातो, माती बिघडते, रोग मात्र तसाच राहतो.

हे जंतू माणसाच्या कामीही येतात. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनी समुद्रातून पारा सोसणारे जंतू शोधून काढले. असे जंतू पाण्यातल्या पाऱ्याची वाफ करून ती बाहेर सोडतात. पण नीट ध्यानात घ्या. पाण्यातला पारा हवेत गेला, नाहीसा झाला नाही. म्हणून जंतू सारे निस्तरतील, या भरवशावर राहू नये.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. फवारा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून, मापाने मारा. जुने सेल, फुटक्या ट्यूब उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचे खत शेतात जाते. पाणी उकळून प्या, जंतू मरतील. पण पाण्यात उतरलेला धातू उकळून जात नाही. म्हणून तो पाण्यात पडूच देऊ नये. जंतू हे विष सोसतो, आपली लेकरे सोसत नाहीत.