निवडणूक कोणत्या महिन्यात?

श्रोतेहो, निवडणूक म्हटली की आपण विचारतो, उभे कोण आहे आणि निवडून कोण येणार. मतदान कोणत्या महिन्यात घ्यावे, हा प्रश्न आपण कचेरीवर सोपवून मोकळे होतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नगरपरिषदेत मात्र याच प्रश्नावर बराच खल झाला. ती हकीगत आपल्या गावालाही विचार करायला लावणारी आहे.

ही परिषद पंधरा सभासदांची. शहराचे मतदान विषम सालात, मार्च महिन्यात होई. कुणालाच निम्म्याहून जास्त मते पडली नाहीत, तर मे महिन्यात पहिल्या दोघांची फेरलढत. देशाच्या अध्यक्षाची व राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक मात्र सम सालात, नोव्हेंबरमध्ये. तिकडच्या पुष्कळ शहरांत अशी ताटातूट मुद्दाम केलेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारकांना वाटे की, पाणी, गटारे, रस्ते यांचा कारभार देशातील पक्षांच्या भांडणात ओढला जाऊ नये. हेतू चांगला, पण पुढे झाले काय? २०१३ च्या मे महिन्यात महापौरपदाच्या लढतीला नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे २३ टक्केच आले. चौघांतला एकसुद्धा पुरता नाही! आणि अशा आडवेळेच्या मतदानाला येतात कोण? बहुधा वयस्क, स्वतःचे घर असलेली, बऱ्या स्थितीतली माणसे. भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण कामगार येत नाही.

मग समिती नेमली गेली. शहराचेही मतदान सम सालात, मोठ्या निवडणुकीबरोबर घ्यावे, असे तिने सुचवले. विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. मतपत्रिका लांबलचक होईल, अध्यक्षपदाच्या गदारोळात आमच्या गल्लीतल्या दिव्याची गोष्ट कोण ऐकणार, आणि त्या गोंगाटात आवाज पोचवायला पैसा किती लागेल? शेवटी ३ मार्च २०१५ रोजी प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला. गंमत अशी की, मतदान वाढावे म्हणून घेतलेल्या या कौलालाही दहांतला जेमतेम एक मतदार आला! आलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी होकार दिला. यात आणखी एक मेख होती. सालांचा मेळ बसावा म्हणून २०१५ व २०१७ मध्ये निवडून येणाऱ्यांना एकवार चारऐवजी साडेपाच वर्षे मिळायची होती. म्हणजे तारीख हलवणाऱ्यांतल्याच काहींची मुदत वाढणार. ही गोष्ट मला तरी खटकते.

फळ मात्र दिसले. नोव्हेंबर २०२२ मध्ये महापौरपदासाठी सुमारे ४४ टक्के मतदान झाले. त्याच लढतीत एका धनिक उमेदवाराने दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला आणि तो हरला. तारखेमुळेच इतका खर्च झाला, असे मी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या नगरपालिकेला वा ग्रामपंचायतीला स्वतःची तारीख ठरवता येत नाही. ते काम राज्य निवडणूक आयोगाचे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने मुदतही बांधून दिली: पाच वर्षे, अधिक नाही. तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पावणेचार वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे. पण नळाला पाणी आले नाही, तर नगरसेवकाचे दार ठोठावणाऱ्याला या काळात दारच उरले नव्हते.

आणि खेड्यात? १८ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या. डिसेंबरात बीडकडची ऊसतोड कुटुंबे कुठे असतात, हे शिक्षक बंधुभगिनींना सांगायला नको. वर्गातली रिकामी जागाच ते सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या फडावर जातो, तो मार्च-एप्रिलमध्ये परततो. यादीत नाव आहे, पण माणूस दोनशे कोसांवर! कुणी म्हणेल, "मग पावसाळ्यात घ्या." तेव्हा पेरणी आणि चिखल. मे महिन्यात ऊन फार; पण कोयता घरी असतो आणि मतदान केंद्रावर बसणाऱ्या गुरुजींची शाळाही बंद असते. मला विचाराल तर, जिथे निम्मे गाव फडावर जाते, तिथे मुदतीच्या आत बसत असेल, तर ऊन पत्करावे.

आज काय होते? उमेदवार गाडी पाठवतो. रात्रभर प्रवास करून माणसे येतात, शाई लावून घेतात आणि त्याच गाडीने परत फडावर जातात. गाडीचे भाडे कोणी भरले, हे गावात सर्वांना ठाऊक असते. आणि पुढे पाच वर्षे घरकुलाच्या यादीविषयी तोंड उघडताना ते भाडे त्या माणसालाही आठवते.