ऑर्डरीवर कुठला शब्द लिहिलाय?

सगळ्याजणी आवरून बसलात ना? आज आम्ही सरकारी कामाबद्दल बोलणार आहोत. सरकारी नोकरी म्हटलं की आपल्या बारामती-इंदापूरकडं घरोघर कान टवकारतात. पहाटे पाच वाजता नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं गेलं तर पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरी दिसतात. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, या तिन्हींवर त्यांचं सगळं गणित. पण आजचा विषय जरा वेगळा आहे. सरकारचं काम करणारी प्रत्येक बाई सरकारी नोकर असते का?

हा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत निघाला. आमच्यातल्या एका ताईंनी दोन कागद पुढं ठेवले. एक होता त्यांच्याच गावच्या अंगणवाडीत मदतनीस भरायची असल्याचा. दुसरा होता तालुक्याच्या एका दवाखान्यात सफाई कामगार घ्यायचे असल्याचा, पण एजन्सीमार्फत. ताई 37 वर्षांच्या, बारावी झालेल्या. मालक तीन वर्षांपूर्वी गेले, पदरी दोन लेकरं. दवाखान्यात महिना 11,000 देतो म्हणालेत, अंगणवाडीत त्याहून कमी. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा बाई, कुठं जाऊ?"

पटकन उत्तर कुणालाच देता आलं नाही. मग आम्ही कागद वाचायला बसलो.

पहिली गोष्ट अशी कळली, की सरकारच्या कामात पैसे देण्याच्या तीन तऱ्हा आहेत. वेतन, मानधन आणि कंत्राट. वेतन म्हणजे कायम जागेचा पगार. त्याला वेतनश्रेणी असते, महागाई भत्ता असतो, दरवर्षी वाढ असते. आपल्या राज्यात सातव्या वेतन आयोगानं शिपायाच्या जागेचं मूळ वेतनच 15,000 पासून सुरू होतं, भत्ते त्यावर वेगळे. मानधन म्हणजे सरकार म्हणतं, तुम्ही सेवाभावी आहात, तुमचा मान म्हणून हे घ्या. शब्द गोड आहे. पण मान देणारा ठरवील तेवढंच धन, आणि महागाई वाढली तरी ते आपोआप हलत नाही.

अंगणवाडीचंच घ्या. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं झाली. सेविकेचं केंद्रानं धरलेलं मानधन ऑक्टोबर 2018 पासून 4,500 रुपये, त्यावरची भर राज्य घालतं. आपल्या राज्यात 2023 साली सेविकेला 8,325 चे 10,000 झाले, मदतनिसाला 4,425 चे 5,500. त्यानंतर 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या. बावन्न दिवस अंगणवाड्यांना कुलपं होती, तुम्हाला आठवत असेल. 2024 च्या ऑक्टोबरात सेविकेचे 13,000 आणि मदतनिसाचे 7,500 झाले, वर कामाप्रमाणं प्रोत्साहन भत्ता.

आता काम किती ते मोजा. पोरांची वजनं, पोषण आहार, गरोदर बायकांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणं, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरणं. 2024 मध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज भरायलाही सेविकाच पुढं होत्या. आपल्यातल्या कितीजणींचा अर्ज अंगणवाडीच्या ओट्यावर भरला गेला ते आठवून बघा. एवढं करून सेविका शिपायाच्या मूळ पगारापेक्षाही खाली. आम्हाला हे पटत नाही, आणि ते इथं बोलून दाखवायला आम्ही कचरत नाही. शिपायाचं काम हलकं असं आमचं म्हणणं नाही. त्याला मिळतं ते रास्तच आहे.

आता आठवा वेतन आयोग बसलाय. त्याच्या अध्यक्ष आपल्याच मुंबईच्या, निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई. बातमी आली तेव्हा आमच्या गटातली एक सेविका आनंदानं म्हणाली, "चला, आता आपलंही वाढणार." तिला सांगताना वाईट वाटलं. हा आयोग केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा. राज्य आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नंतर ठरवतं. आणि मानधनवाली बाई या दोन्ही यादीत नाही.

पण एक दार उघडलंय. 25 एप्रिल 2022 ला सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी सांगितलं, की सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. ग्रॅच्युइटी म्हणजे काम सोडताना, केलेल्या वर्षांच्या हिशेबानं मिळणारी रक्कम. हिशेब सोपा आहे. महिन्याच्या पैशाला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं, मग जितकी वर्षं तितक्या पटीनं. 13,000 भागिले 26 म्हणजे 500. गुणिले 15 म्हणजे 7,500. तीस वर्षं सेवा झाली असेल तर सव्वादोन लाख. निकाल लागला म्हणजे पैसे घरी येत नाहीत, हेही खरं. 2023 च्या संपातही ही मागणी होतीच. म्हणून ज्या सेविका निवृत्तीला आल्यात त्यांनी आपली नेमणुकीची ऑर्डर शोधून ठेवावी. ती पेटीत तळाशी, लग्नाच्या शालूखाली असते, आमचा अनुभव आहे. तिची झेरॉक्स काढा. त्यावरची तारीख म्हणजे तुमची वर्षं.

आता तो दुसरा कागद, एजन्सीचा. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं नऊ एजन्सींमार्फत माणसं घ्यायचा निर्णय काढला होता. पोरं रस्त्यावर आली, आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. पण म्हणून कंत्राटी काम थांबलं असं नाही. सफाई, पहारा, कॉम्प्युटरवरचं काम आजही ठेकेदाराकडून होतं. काम सरकारी इमारतीत, मालक मात्र ठेकेदार.

आमच्यातलीच एक बाई अशा कामावर दोन वर्षं होती. जागेचं नाव घेत नाही. दर महिन्याला पीएफ म्हणून पैसे कापले जायचे. तिनं कधी पावती मागितली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही, ही आमचीही चूक. ठेका बदलला, नवा ठेकेदार म्हणाला, "तुम्हाला आम्ही ओळखत नाही." पीएफचं खातं बघितलं तर चार महिन्यांचेच पैसे भरलेले. कापले चोवीस महिन्यांचे. पुढं पीएफ ऑफिसात अर्ज केला तेव्हा कळलं, की ठेकेदारानं भरले नाहीत तर ज्यांच्याकडं काम केलं त्या मुख्य मालकाचीही जबाबदारी असते. तिचं प्रकरण अजून चालू आहे.

म्हणून कंत्राटी कामाला जाताना चार गोष्टी पहिल्याच दिवशी मागा. ऑर्डर, पगारपत्रक, पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचं कार्ड. पीएफमध्ये तुमचे 12 टक्के कापतात तेवढेच मालकानं घालायचे असतात. उमंग ॲपवर पासबुक दिसतं. घरातल्या शाळकरी पोरीला सांगा, ती पाच मिनिटांत काढून देते. दर महिन्याला बघा, वर्षानं नको.

कायम जागा राहिल्याच. त्या निघतात, पण गर्दी केवढी! 2023 च्या तलाठी भरतीत जागा 4,644 आणि अर्ज दहा लाखांवर. फी खुल्या गटाला 1,000 रुपये. त्याच साली जिल्हा परिषदांची 19,460 जागांची जाहिरात आली, त्यात आरोग्य सेविकाही होत्या. मुलींसाठी एक सांगायचं, 1994 च्या महिला धोरणापासून राज्याच्या नोकरीत बायकांना 30 टक्के जागा राखीव आहेत. खुल्या गटातल्या मुलीला त्यासाठी नॉन क्रिमीलेअरचा दाखला लागायचा, ती अट 2023 मध्ये निघाली. कालव्याकडेच्या पोरींनो, ऐकताय ना?

तर आमच्या ताई. त्यांनी जाहिरातीत 35 वयाची अट वाचली आणि मदतनिसाचा कागद घडी करून ठेवला होता. खालची ओळ वाचलीच नव्हती. विधवा बाईला ही मर्यादा 40 आहे. बाई त्याच गावची रहिवासी हवी, बारावी हवी, हयात मुलं दोनपेक्षा जास्त नकोत. सगळ्यात ताई बसतात. परीक्षा नाही, मुलाखत नाही, गुणांवर यादी लागते आणि विधवेला जादा गुण आहेत. या अर्जाला कुणालाही पैसे द्यायचे नसतात. कुणी "साहेबांना सांगतो" म्हणून मागितले तर तो माणूस यादी बदलू शकत नाही, तुमचे पैसे मात्र नेऊ शकतो.

पण 7,500 आणि 11,000 मधला फरक घरात जाणवतोच, तो आम्ही कसा नाकारणार? बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, लेकरांची फी आज भरायचीय, दवाखाना धरा. कुणी म्हणालं, एसटीचं भाडं वजा करा, दिवस उगवायच्या आत घर सोडायचं वजा करा, मग किती उरतात ते बघा. अंगणवाडी घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मदतनिसाला पुढं सेविका व्हायची वाट आहे. ताईंनी रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मदतनिसाचा अर्ज भरते. पण यादी लागेपर्यंत दवाखान्यात जाते. पीएफचा नंबर मागून."

मंगळवारी आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाणार आहेत. मालकांच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, बारावीचं गुणपत्रक, सगळं एका पिशवीत भरलंय. अर्ज दिला की पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख बघून. तुमच्या गावात अशी जागा निघाली असेल तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागलेला असतो. पाणी भरायला जाताना तेवढा वाचा, खालच्या ओळीपर्यंत.