बोलण्याचे बळ



भुसावळ हे जंक्शनचे गाव. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे, तर दुसरा इटारसीकडे जातो. रेल्वेच्या निमित्ताने नाना प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला येणारा शेतकरी लेवा गणबोलीत किंवा अहिराणीत सुखदुःख सांगतो, केळीच्या घडाचा भाव ठणकावून करतो. तोच शेतकरी कचेरीच्या दारात आला, की त्याची वाणी अडखळते. वारसाच्या फेरफाराचे काम असते. पण कोणता कागद कमी पडला, हे विचारण्याचा धीर त्याला होत नाही. तो मान डोलावतो आणि परत जातो. एका न विचारलेल्या प्रश्नापायी चार हेलपाटे पडतात, चार दिवसांची मजुरी बुडते.

हा दोष बुद्धीचा नव्हे. आपली बोली गावंढळ आहे, आपण बोललो तर लोक हसतील, ही भीती मनात घर करून असते. वास्तविक याच खानदेशच्या मातीने या भीतीला उत्तर दिले आहे. जळगावजवळील आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांनी आपल्या घरच्या बोलीत गाणी रचली. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि एका आप्ताने त्यांपैकी काही लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाईंचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. परंतु लिहून घेणारे कोणी नव्हते, तेव्हाची कितीतरी गाणी हवेत विरून गेली, हेही विसरता येत नाही. बोलणाऱ्याला आत्मविश्वास हवा, तसा ऐकणाराही हवा.

पंचायतींच्या कारभारात याचा प्रत्यय येतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेण्यात आले. आसन कायद्याने मिळाले, पण आवाज तेवढ्याने मिळत नाही. काही ठिकाणी सदस्या सहीपुरत्या उरतात आणि त्यांच्या वतीने घरातील पुरुष बोलतात. मग नळाला पाणी कोणत्या वेळी यावे, हा प्रश्न पाणी न भरणारी माणसे सोडवू लागतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, ती याच कारणासाठी. ओळखीच्या चार बायकांत मांडलेला विषय दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर मांडणे सोपे जाते.

आत्मविश्वास म्हणजे आवाज चढविणे नव्हे. ज्याला आपल्या म्हणण्याची खात्री असते, तो थोडक्यात बोलतो, दुसऱ्याचे पुरते ऐकून घेतो आणि न समजलेले पुन्हा विचारण्यात कमीपणा मानीत नाही. ही खात्री माहितीने येते. कचेरीत जाण्यापूर्वी काम कोणते, जवळ कागद कोणते आणि विचारावयाचे काय, एवढे मनाशी ठरविले तरी अर्धी भीती ओसरते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या बोलण्यात अजिजी राहत नाही आणि अरेरावीचीही गरज उरत नाही.

उरलेला भाग अधिकारी व शिक्षक यांच्या हाती आहे. ‘बसा, काय काम आहे?’ या शब्दांना खर्च लागत नाही. पण समोरच्याची जीभ त्यांनी मोकळी होते. वर्गात मूल घरच्या बोलीत उत्तर देते, तेव्हा शिक्षकाने प्रथम उत्तर बरोबर आहे की नाही ते पाहावे. प्रमाण शब्द मागाहून सांगावा. त्या क्षणी वर्ग हसला आणि शिक्षकही हसले, तर ते मूल पुन्हा हात वर करीत नाही. तेच पुढे कचेरीच्या दारात मान डोलावून परत जाते.

म्हणून सदस्यांनी येत्या ग्रामसभेत एवढे करावे : जो आजवर कधी बोलला नाही, त्याला प्रथम बोलू द्यावे आणि त्याचे म्हणणे संपेपर्यंत ऐकून घ्यावे.