मोबाइलमधला एजंट कोणासाठी राबतो?

(नाशिक येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्हिडिओ पाहताना चित्र कधी धूसर होते, कधी गोल चक्र फिरत राहते. आपण म्हणतो, 'नेट स्लो आहे.' हे अर्धेच खरे. उरलेला निर्णय एक छोटे सॉफ्टवेअर घेत असते. मी आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

व्हिडिओ इंटरनेटवरून सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा हलक्या-भारी अनेक दर्जांत सर्व्हरवर ठेवलेला असतो. यासाठी २०१२ साली 'एमपेग-डॅश' हे आंतरराष्ट्रीय मानक आले. नेटचा वेग आणि आधी साठलेले सेकंद पाहून कोणता दर्जा मागवायचा, हे मोबाइलमधला प्लेअर ठरवतो. परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घेणारे असे सॉफ्टवेअर म्हणजे एजंट.

२०१७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'पेन्सिव्ह' हा एजंट तयार केला. त्याला नियम लिहून दिले नव्हते, गुण दिले जात. चित्र स्वच्छ आले की गुण वाढत. व्हिडिओ अडकला किंवा दर्जा सारखा बदलला की कापले जात. सरावातून तो शिकला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाने 'पफर' या प्रयोगात अशा पद्धती ६० हजारांहून अधिक खऱ्या प्रेक्षकांवर तपासल्या. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत चमकलेला पेन्सिव्ह प्रत्यक्षात जुन्या, साध्या पद्धतीच्या पुढे गेला नाही. पुढे गेली ती खऱ्या प्रेक्षकांच्या नेटवरच शिकलेली पद्धत.

यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, एजंट ज्यांच्या नोंदींवर शिकतो त्यांचेच नेट त्याला कळते. मालेगावात रात्रपाळी करून शिकणारा मुलगा किंवा सुरगाण्याच्या डोंगरातली मुलगी त्या नोंदींत नसेल, तर सरासरी उत्तम दिसेल आणि ही दोघे चक्राकडे पाहत बसतील.

दुसरी, गुण कशाला द्यायचे हे माणूस ठरवतो. क्रिकेटच्या सामन्यात चित्र महत्त्वाचे. धड्यात आवाज तुटता कामा नये, फळ्यावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत आणि डेटा कमी लागला पाहिजे. आवाज आणि चित्र वेगवेगळे पाठवण्याची सोय याच मानकात आहे. नाशिकमध्ये १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांच्या या गावात 'आधी आवाज, मग चित्र' असा एजंट घडवणे हे आपल्याच कामाचे आहे.

तुमच्यापैकी अनेक जण संगणक शिकता. प्लेअरचे मुक्त स्रोत कोड उपलब्ध आहेत. आठवडाभर आपल्या मोहल्ल्यात मोजा: किती वाजता, कुठे, किती वेळा व्हिडिओ अडकला. प्रेक्षकांची संमती घ्या, नावे नोंदवू नका. मग त्या नोंदींवर तुमचा एजंट शिकवा.

तक्रार करायला आपल्याला येतेच. आता मोजायलाही शिकू या.